बस चुकवण्याचे नियोजन

सिनेमा म्हणजे तरी काय हो? माणसं येतात, बोलतात, जातात. कोणी किती वाजता यायचं आणि किती वाजता जायचं, हे आधी कागदावर मांडलं की झालं. आणि कागदावर मांडण्याचं हेच काम साहेब सत्तावीस वर्षं करत आले होते. फक्त माणसांऐवजी बसगाड्यांचं. ते शहर बससेवेच्या वेळापत्रक विभागाचे प्रमुख होते. विभागात दोन टेबलं, एक कपाट आणि साहेब एवढंच होतं, पण प्रमुख म्हटल्यावर प्रमुखच. घरी बायको त्यांना 'अहो' म्हणायची, मुलगा 'बाबा' म्हणायचा आणि बाकी अख्खी इमारत 'साहेब' म्हणायची, त्यामुळे आपणही तेच म्हणू.

वादाला सुरुवात झाली ती रविवारी, सकाळच्या दुसऱ्या चहाला. चिरंजीव खिडकीजवळच्या खुर्चीत बसून छताकडे बघत होता. वय सव्वीस, बरी नोकरी सोडून तीन महिने झालेले. एका छोट्या कंपनीने त्याला लघुपटाची कथा लिहायला सांगितली होती आणि पसंत पडली तर पुढे काम देऊ असंही म्हटलं होतं. तेव्हापासून छत आणि तो एकमेकांकडे बघत होते.

"काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"लिहितोय बाबा."

"वही कुठाय?"

"अजून वहीपर्यंत आलेलं नाही."

"किती वाजेपर्यंत येईल?"

यावर चिरंजीव हसला. चिडला असता तर साहेबांना चाललं असतं, त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं. हसल्यामुळे ते उत्तर फुकट गेलं आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. ऑफिसातल्या कपाटातून एक फॉर्म आणून त्यांनी तो चिरंजीवासमोर दोनदा ठेवलाही होता. त्यांच्याच विभागात 'कनिष्ठ वेळापत्रक सहायक' अशी एक जागा निघाली होती, मुदत दोन आठवड्यांनी येणाऱ्या सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. कपाटाशेजारचं रिकामं टेबल साहेबांनी मनातल्या मनात पुसूनही ठेवलं होतं.

"दहा मिनिटांच्या सिनेमासाठी तीन महिने छत बघायचं?" ते म्हणाले. "नियोजन असेल ना, तर दोन रविवारांत होतो असला सिनेमा. मी करून दाखवतो!"

"दाखवा," चिरंजीव शांतपणे म्हणाला. "तुमचा सिनेमा पूर्ण झाला तर तो फॉर्म मी भरतो. नाही झाला, तर तो पुन्हा माझ्यासमोर आणायचा नाही. मी मदत करणार नाही आणि आडही येणार नाही. त्यात मी नाहीच."

आतल्या खोलीत शिलाई मशीनचा आवाज थांबला. साहेबांची बायको शिवणक्लास चालवायची, आणि मशीन थांबलं की ती ऐकतेय असं घरात समजलं जाई. "मी साक्षीदार," ती आतून म्हणाली. "आता दोघंही चहा प्या, गार होतोय."

एकदा शब्द गेला म्हणजे गेला. साहेबांनी मोठा कागद घेतला, पट्टी घेतली आणि रकाने आखले. अनुक्रमांक, प्रसंग, स्थळ, पात्र, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, शेरा. सिनेमाचं नाव ठरवायला त्यांना अर्धं मिनिटही लागलं नाही: 'वेळेचे महत्त्व'. कथा सरळ होती. एक बावीस वर्षांचा आळशी तरुण उशिरा उठतो, त्याची आठ चाळीसची चौदा नंबरची बस चुकते, त्यामुळे मुलाखत चुकते, त्यामुळे आयुष्य चुकतं. हा तरुण कोण, हे विचारायची घरात कोणाला गरज पडली नाही. संध्याकाळपर्यंत अडतीस ओळींची पटकथा तयार होऊन फ्रिजवर लागली.

बायकोने चष्मा लावून ती वाचली. "सतरा नंबर. नायक रडतो, नऊ दहा ते नऊ बारा. अठरा नंबर. पश्चात्ताप, नऊ बारा ते नऊ वीस. रडायला दोनच मिनिटं आणि पश्चात्तापाला आठ?"

"पश्चात्ताप हा मुख्य विषय आहे," साहेब म्हणाले.

"आणि ती बस एकदा बघून तरी याल की नाही? मी कापड अंगाला लावून बघितल्याशिवाय कधी कात्री चालवली नाही बाई."

"बस मीच सोडतो, बघायचीय काय त्यात?" साहेबांनी हा सल्ला उडवून लावला. ते स्वतः रोज आठ दहाला स्कूटरने ऑफिसला जात. सत्तावीस वर्षांत थांब्यावर उभं राहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि याचा त्यांना थोडा अभिमानच होता.

आता परवानग्या. नायक जिन्यावरून धावत उतरतो हा चौथा प्रसंग, आणि सोसायटीच्या नियमाप्रमाणे जिना चढणे व उतरणे याखेरीज अन्य कारणासाठी वापरता येत नसे. 'उतरतोच आहे की तो' हा साहेबांचा मुद्दा बिनतोड होता, पण चेअरमन म्हणाले, उतरतोय खरा, पण उतरण्याच्या हेतूने उतरत नाहीये. मंगळवारी कमिटीची बैठक बसली. कमिटीत चेअरमन आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर असे दोनच सभासद हजर होते. ज्यांना कुठे जायचं नसतं तेच अशा बैठकांना येतात आणि म्हणूनच त्या लांबतात.

चेअरमननी पटकथा दोनदा वाचली. "नायकाचं वय बावीस लिहिलंय," ते जरा विचार करून म्हणाले. "हे दुरुस्त करता येईल."

"किती करू?"

"वय राहू दे हो. नायक बदला."

चेअरमनांचं वय छप्पन्न होतं. पण त्यांनी त्याच सकाळी केस रंगवले होते, कानापर्यंत रंगवले होते म्हटलं तरी चालेल, आणि जिन्याची किल्ली म्हणजे परवानगीचा शिक्का त्यांच्या खिशात होता. साहेबांनी पात्राच्या रकान्यात खाडाखोड केली. सत्तावीस वर्षांतली ती त्यांची पहिली खाडाखोड.

"माझा आक्षेप मूलभूत आहे," हेडमास्तर म्हणाले. "नायकाला अंतरात्मा नाही."

"आहे. शेऱ्यात लिहिलाय."

"शेऱ्यात नको. प्रत्यक्ष दिसला पाहिजे. त्याच्या तोंडी दोन भाषणं घाला. भाषणं मी लिहीन. अंतरात्माही मीच होईन, तुम्ही माणूस शोधत बसू नका."

हेडमास्तरांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी महिनाभर काळा चष्मा काढायचा नाही अशी सक्त ताकीद दिली होती. काळा चष्मा लावलेला अंतरात्मा कसा दिसेल, असं साहेबांच्या मनात आलं. कमिटीने ठराव एकमताने मंजूर केला.

दुसरी परवानगी साहेबांच्या स्वतःच्या ऑफिसातून हवी होती, कारण बसथांबा ही बससेवेची मालमत्ता. साहेब तिसऱ्या मजल्यावर, जनसंपर्क विभाग दुसऱ्या. जिना उतरून ते खिडकीशी गेले. आतले बाबू त्यांच्यासोबत अकरा वर्षं एकाच टेबलावर डबा खात होते.

"आपलं ओळखपत्र?" बाबूंनी विचारलं.

"अहो, काल माझ्याच डब्यातलं जेवलात!"

"जेवणाचं वेगळं, खिडकीचं वेगळं," बाबू म्हणाले, आणि साहेबांना ते मनापासून पटलं. चुकलंच आपलं. त्यांनी ओळखपत्र दाखवलं. अर्जाला तीन प्रती हव्या होत्या, आणि चित्रीकरणात दाखवायच्या बसची वेळ बरोबर असल्याचा दाखला हवा होता, वेळापत्रक विभागाचा. मग साहेब पुन्हा वर गेले. स्वतःच्या नावे स्वतःच अर्ज लिहिला, स्वतःच तो स्वीकारला, आवक क्रमांक टाकला, पोच लिहून स्वतःला दिली. असे अर्ज तीन दिवस छाननीसाठी ठेवायचे असा विभागाचा नियम होता, म्हणून तो तीन दिवस कपाटात ठेवला. या तीन दिवसांत त्यांना फार बेचैन वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम. शुक्रवारी परवानगी आली, खाली एक अट होती: 'चित्रीकरणात बस उशिरा आलेली दाखवू नये.' साहेब नुसते हसले. असली अट घालायची गरजच काय होती?

कॅमेऱ्यासाठी त्यांनी कोपऱ्यावरचे फोटोग्राफर गाठले. फोटोग्राफरांनी आयुष्यभर लग्नंच काढलेली. समोरचा माणूस कॅमेऱ्याकडे बघून हसल्याशिवाय त्यांचं बोट बटणावर पडतच नसे. नायक दुःखी आहे, असं साहेबांनी त्यांना तीनदा समजावलं. "दुःखी असू दे ना," ते म्हणाले, "पण बघून हसायला काय हरकत आहे? अल्बममध्ये बरं दिसतं."

रविवार उजाडला. जिन्यावरचा प्रसंग जवळजवळ वेळेवर पार पडला. जवळजवळ म्हणायचं कारण, नायक धावता धावता दुसऱ्या मजल्यावर थांबला, वर बघितलं, आणि "हा दिवा कधी गेला?" असं म्हणत त्याने खिशातल्या डायरीत नोंद केली. साहेबांनी हे चालवून घेतलं. आठ पस्तीसला मंडळी थांब्यावर हजर झाली. योजना अशी: बस आठ चाळीसला येणार, आठ एकेचाळीसला सुटणार, नायक कोपऱ्यावरून ब्रीफकेस घेऊन धावत येणार आणि त्याची बस बरोबर चार पावलांनी चुकणार. चार पावलं साहेबांनी खडूने आखूनही ठेवली. आठ चाळीस झाले. आठ पन्नास झाले. कोपऱ्यावर वाकून तयारीत उभ्या राहिलेल्या चेअरमनांची कंबर धरली.

थांब्यावर सात-आठ माणसं होती. त्यात प्रसूतिगृहात आयाचं काम करणाऱ्या एक बाई पिशवीवर बसून होत्या. साहेबांनी घड्याळाकडे बघत, सहज विचारल्यासारखं त्यांना विचारलं, "आठ चाळीसची अजून आली नाही वाटतं?"

"ती होय? ती साडेनऊला येते."

"म्हणजे साडेनऊची वेळेवर येते?"

"साडेनऊची येतच नाही," बाई म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती, नवीन आलेल्या माणसाला माहिती द्यावी तसा सूर होता. "आणि सव्वाआठची म्हणून जी लिहिलीय ना, ती मी नऊ वर्षांत बघितली नाही. मला नऊला हजर व्हायचं असतं. म्हणून मी सातचीच धरते, ती कधी सव्वासातला येते, कधी पावणेआठला. आज सुटली. आता बोलणी खायची."

"पण वेळापत्रकात तर..."

"ते कागदावर लिहिणाऱ्याला काय हो भाऊ," बाई म्हणाल्या, "त्याला कुठे जायचंय?"

बाकीची माणसं हसली. साहेबांच्या मानेपर्यंत रक्त चढलं. थांब्याच्या पाटीवर त्यांचंच वेळापत्रक चिकटवलेलं होतं, त्यातलं त्यांच्या सहीचं टोकही दिसत होतं. ते हळूच ती सही झाकेल अशी पाठ करून उभे राहिले.

नऊ एकतीसला बस आली. साहेबांनी रुमाल हलवला, फोटोग्राफरनी कॅमेरा लावला, चेअरमन कोपऱ्यावरून सुटले. एवढ्या वयाचा माणूस ब्रीफकेस घेऊन जिवाच्या आकांताने धावतोय हे बघून ड्रायव्हरने सुटलेली बस पुन्हा थांबवली. कंडक्टरने दारातून हात पुढे केला. "या काका, सावकाश या. आम्ही थांबलोय."

चार पावलांची खूण मागे राहिली. कोणी हात दिला की धरायचा ही चेअरमनांची सवय, त्यांनी तो धरला, पायरी चढले, आणि बस त्यांना घेऊन गेली. फोटोग्राफर ओरडले, "इकडे बघा, हसा!" कंडक्टर इकडे बघून हसला.

मागोमाग दुसरी चौदा नंबर आली, रिकामीच. साहेब ती थांबवायला गेले, इतक्यात एका भल्या माणसाने काळा चष्मा आणि अंगावर पांढरी चादर घेतलेल्या हेडमास्तरांना बघितलं, त्यांचा हात धरला, आणि "पायरी उंच आहे हं आजोबा," असं म्हणत त्यांना आत नेऊन बसवलं. हेडमास्तरांनी आत काहीतरी भाषण सुरू केलेलं साहेबांना काचेतून दिसलं. अशा रीतीने नायक पहिल्या बसने गेला आणि त्याचा अंतरात्मा दुसऱ्या बसने. दोघंही डेपोत भेटले आणि रिक्षाने अकरा वाजता परत आले, तेही एकमेकांशी न बोलता.

"मग आता बोध काय राहिला?" हेडमास्तरांनी चादर घडी करत विचारलं. "जो उशिरा आला त्यालाच बस मिळाली. शिवाय बसायला जागा मिळाली."

प्रश्न बरोबर होता. पटकथेचा कणाच मोडला होता. साहेबांनी घरी येऊन फ्रिजवरच्या कागदात एक नवी ओळ घुसवली: 'कथेत बदल सुचणे, दोन पंधरा ते दोन तीस.' जेवून उठले आणि बरोबर दोन पंधराला खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

दोन तीसपर्यंत काही सुचलं नाही. साहेबांनी पंधरा मिनिटं वाढवून घेतली. मग आणखी वाढवली. नायकाला बस मिळते, पण ती चुकीची असते? चौदा नंबरची बस चुकीची कशी असेल, वेळापत्रकात आहे. नायक बसमध्ये झोपतो? मग तिकिटाचं काय? एकेक कल्पना यायची आणि रकान्यात बसवायला गेलं की मोडायची. मधेच पिशवीवर बसलेल्या त्या बाई डोळ्यांपुढे यायच्या, सातची बस धरायला अंधारात घरातून निघालेल्या. त्यांना साहेब बाजूला सारायचे, कारण त्या पटकथेत नव्हत्या. कधी कोणास ठाऊक, पण त्यांची मान मागे टेकली आणि नजर वर गेली.

चिरंजीव बाहेरून आला. त्याने बापाला बघितलं. आता हा टोमणा मारणार, असं समजून साहेबांनी अंग चोरलं. त्याला अधिकारही होता, तीन महिन्यांचा. पण त्याने चपला हातात घेतल्या, पंख्याची खडखड कमी व्हावी म्हणून बटण एका घराने खाली केलं, आईच्या खोलीचं दार अलगद ओढून घेतलं. दारावर कोणी बेल वाजवायला आलं होतं, त्याला त्याने जिन्यातच गाठून हळू आवाजात परत पाठवलं. तीन महिन्यांत हे त्याच्यासाठी घरात कोणी केलं नव्हतं. उलट साहेब मुद्दाम रेडिओ लावायचे. आता डोळे मिटून घेतले तरी त्यांना लाज वाटत होती.

पाचच्या सुमाराला तो जवळ येऊन म्हणाला, "बाबा, चहा ठेवू?"

"आत्ता नको रे," साहेब वैतागून म्हणाले, "काहीतरी येत होतं आत्ता."

स्वतःचं वाक्य स्वतःच्याच कानावर पडलं आणि ते एकदम उठून उभे राहिले. येत होतं ते गेलं. सहा वाजेपर्यंत कागदावर एक शब्दही उतरला नव्हता, आणि साहेब इतके थकले होते की ऑफिसातल्या वर्षाखेरीच्या कामानेही कधी थकले नव्हते.

तरी पैज ती पैज. पुढल्या आठवड्यात उरलेले प्रसंग कागदावर होते तसेच उरकले आणि फोटोग्राफरनी जे काही होतं ते जोडून टाकलं. नको ते काढायचं असतं हे त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. लग्नातला एकही पाहुणा कापला तर भांडण होतं. रविवारी साडेपाचला सोसायटीच्या हॉलमध्ये भिंतीवर चादर लावून सिनेमा दाखवला. चादर अंतरात्म्याचीच होती. नायक उठला, जिन्यात दिव्याची नोंद केली, धावला, हात धरून बसमध्ये चढला, आणि बस चुकल्याबद्दल त्याने आठ मिनिटं पश्चात्ताप केला. कंडक्टर दोनदा हसला, कारण तो शॉट फोटोग्राफरना फार आवडला होता. काळ्या चष्म्यातून अंतरात्मा "हे आळशी तरुणा" असं चेअरमनांना म्हणाला. शेवटी गुलाबाच्या पाकळ्या पडल्या आणि त्यातून 'समाप्त' अशी अक्षरं वर आली. कोणालाच काही कळलं नव्हतं, त्यामुळे टाळ्या जोरात झाल्या.

"एकूण नऊ मिनिटं बावन्न सेकंद!" चेअरमन उभे राहून म्हणाले. "साहेब, तुम्ही करून दाखवलंत. पूर्ण झाल्याचा दाखला आम्ही तयारच ठेवलाय, फक्त दिग्दर्शक म्हणून तुमची सही." हेडमास्तरांनी दाखल्याची भाषा स्वतः बघितली होती. त्यात 'सर्वांगपरिपूर्ण' हा शब्द दोनदा होता.

चिरंजीव मागच्या खुर्चीवरून उठला. शर्टाच्या खिशातून त्याने घडी केलेला फॉर्म काढला आणि टेबलावर सरळ केला. भरलेला होता. फोटोही चिकटवलेला होता. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही दाखल्यावर केलीत की मी इथे सही करतो. उद्या पाचच्या आत देऊन येईन."

साहेबांनी फोटो बघितला. केस चापून बसवलेले, गळ्याशी टाय, नजर सरळ समोर. छताकडे बघणारा माणूस त्यात कुठेच नव्हता. ऑफिसातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोणाचाही असू शकला असता तो फोटो. हा मुलगा उद्यापासून आपल्या शेजारच्या टेबलावर बसणार, आपली पट्टी घेणार आणि सुबक अक्षरात लिहिणार, आठ चाळीस. आणि ती बाई पिशवीवर बसून राहणार. साहेबांना भीती वाटली. सत्तावीस वर्षांत कधी वाटली नव्हती अशी, खरीखुरी भीती.

"सही होत नाही," ते म्हणाले.

"पेन देऊ का?"

"पेन आहे. सिनेमा अपूर्ण आहे."

"अहो, 'समाप्त' आलं!" फोटोग्राफर कळवळून म्हणाले. "पाकळ्यांतून आलं!"

"अक्षरं आली. सिनेमा यायचाय."

"पण राहिलंय काय?" चेअरमननी विचारलं.

"ते मलाही अजून नीट कळलेलं नाही," साहेब म्हणाले. असं वाक्य चारचौघांत उच्चारताना त्यांचे कान लाल झाले. "पण राहिलंय. फार राहिलंय."

"बाबा, असं नका करू," चिरंजीव हळूच म्हणाला. "झालाय तो. तुम्ही जिंकलात. माझ्यासाठी म्हणून..."

"तू मधे बोलू नकोस!" साहेब कडाडले. "तू यात नाहीस असं ठरलंय. ठरलेलं मोडायचं नाही." मग त्यांनी खिशातून पेन काढलं, दाखल्यावरचं 'सर्वांगपरिपूर्ण' दोन्ही ठिकाणी पट्टीशिवाय, हातानेच खोडलं, वर 'अपूर्ण' लिहिलं आणि खाली सही केली. ज्या माणसाच्या टेबलावरून सत्तावीस वर्षांत एकही कागद अर्धवट पुढे गेला नव्हता, त्याची ती सही थोडी वाकडी आली. फॉर्म त्यांनी उचलला, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या खिशात टाकला.

घरी जाताना जिन्यावर बायको म्हणाली, "हरलात की हो."

"हरलो कुठे? दोन रविवारांची मुदत संपली, एवढंच."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढचे दोन मजले तिने त्यांचा हात धरला. दुसऱ्या मजल्यावर दिवा नव्हता, हे कारण तेवढं सोयीचं पडलं.

सोमवारी सकाळी चिरंजीव उठला तेव्हा साहेब घरात नव्हते आणि स्कूटर मात्र खाली उभी होती. फ्रिजवरचा जुना कागद गेला होता, नवा लागला होता. रकाने तसेच, पट्टीने आखलेले. पहिली ओळ: 'चौदा नंबरच्या थांब्यावर उभे राहून पाहणे. जबाबदार: स्वतः. रोज सात ते बस येईपर्यंत.' दुसरी ओळ: 'कथा-पटकथा. जबाबदार: चिरंजीव.' त्यापुढे सुरू होण्याची वेळ दहा आणि संपण्याची वेळ बारा असं आधी लिहिलं होतं. ते दोन्ही आकडे खोडले होते, आणि दोन्ही रकाने मिळून आडवं लिहिलं होतं: 'लागेल तेवढा वेळ.'

शेऱ्यात एवढंच होतं: 'वडिलांनी मधे मधे विचारू नये.' खाली सही होती, तारीख होती आणि विभागाचा शिक्काही मारलेला होता.